मागे कोणी राहू नका

१

राजवाड्यातल्या गाईडला सरळ चालून चालत नाही. लोकांना पाठ दाखवून बोललं तर आवाज भिंतीत जातो आणि लोक मोबाइलमध्ये. म्हणून मी उलटी चालते. घोळक्याकडे तोंड करून, हात हलवत, बोलत बोलत मागे मागे सरकत जाते. उंबरठे, पायऱ्या, गालिच्याची दुमडलेली कड, सगळं माझ्या टाचांना पाठ आहे. पाठीमागे काय आहे ते मला बघावं लागत नाही.

बघायचे असतात ते समोरचे चेहरे. कोण कंटाळलंय, कोण नवऱ्यावर रुसलंय, कोणाला घाईची लागलीय, हे मला दोन दालनांत कळतं. या जुन्या राजधानीत माझ्याइतका राजवाडा कोणाला येत नाही, असं मी उघड म्हणते. बढाई वाटली तर वाटू दे.

शेवटचं दालन आलं की मी दारात उभी राहून एकच वाक्य म्हणते, "चला, सगळ्यांनी या, मागे कोणी राहू नका." कधीतरी एक आजोबा ग्रंथालयात डुलकी काढत राहिले आणि आत कोंडले गेले. तेव्हापासून अधीक्षकसाहेबांनी हे वाक्य सक्तीचं केलं. आता ते जिभेला इतकं चिकटलंय की घराला कुलूप लावतानाही तोंडातून निघतं. मी एकटी राहते, तरी.

त्या आठवड्यात माझी मैत्रीण चार दिवस राहायला आली. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. एका जागी टिकायची नाही म्हणून मी तिला भिंगरी म्हणायचे, आणि मी सगळ्यांना शिकवत सुटायचे म्हणून ती मला मास्तरीण म्हणायची. केस पांढरे झाले तरी नावं तीच राहिली. तिची लेक चिऊ माझ्याही अंगाखांद्यावर वाढलेली. मला मूलबाळ नाही, माझी म्हणावी अशी काय ती चिऊच. तिचं मूल दोनदा पोटातच गेलं होतं. आता आठवा महिना सरत आला होता आणि आम्ही सगळेच जीव मुठीत धरून होतो.

"एकदा बाळ आलं की मी कुठली सुटतेय," भिंगरी बॅग टाकता टाकता म्हणाली. "म्हटलं, आत्ताच तुझी राजधानी बघून घेते. किती वर्षं बोलावतेयस."

"वेळेवर परत पोहोचवीन बाई तुला," मी म्हणाले. "नाहीतर भावोजी मला उभी जाळतील."

२

दुसऱ्या दिवशी मी तिला माझ्याच घोळक्यात घेतलं. ती पहिल्या रांगेत उभी राहून मला डोळे मारत होती. मलाही जोर चढला. राजांच्या भांडणांचं, झुंबरांचं, जळालेल्या सज्ज्याचं असं काही रंगवून सांगितलं की एका बाईंनी टाळी वाजवली.

आरसेमहालात मात्र भिंगरीचं लक्ष माझ्यावरून उडालं. तिची नजर माझ्या डाव्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि तिथेच स्थिरावली. दालन बघणाऱ्या माणसाची नजर फिरते. हिची फिरत नव्हती. मधूनच ती मान हलवत होती, समोरचं माणूस बोलत असताना आपण हलवतो तशी.

आरसेमहालानंतर एक अरुंद बोळ लागतो. त्यात डाव्या हाताला एक बंद दार आहे. पलीकडचा भाग मी नोकरीला लागायच्या आधीपासून लोकांना बंद आहे, जमीन कुजली म्हणून. मी त्याबद्दल काही बोलत नाही, घोळका पुढे नेते. त्या दिवशी सगळे पुढे आले आणि भिंगरी त्या दाराशीच थांबली. हाक मारल्यावर आली, पण जरा रेंगाळत.

दुपारी बाहेरच्या पायऱ्यांवर चहा घेत बसलो तेव्हा ती म्हणाली, "तुझी ती मदतनीस चांगली आहे गं. बोलते कमी, पण अदब आहे."

"कोण मदतनीस?"

"तुझ्या पाठीशी असते ती. तू उलटी चालतेस ना, पडबिड नये म्हणून ठेवली असेल, असं वाटलं मला."

मी इतकी हसले की चहा सांडला. "अगं, इथे फुटलेली काच बदलायला वर्ष लागतं. माझ्यासाठी मदतनीस ठेवतायत! पहारेकरीण दिसली असेल."

"असेल," ती म्हणाली. "पण ती त्या बंद दारातून आत गेली."

"त्या दाराला कुलूप आहे."

"बरं बाई, तू सांगशील तसं," म्हणून तिने विषय सोडून दिला. ती सहसा वादात हरत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

३

संध्याकाळी आम्ही शहरात पायपीट केली. घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांची गल्ली, जुनी टांकसाळ, नदीवरचा दगडी पूल. मी सांगत होते, ती हो हो करत होती. एरवी दर दुकानात शिरून भाव करणारी बाई माझ्याबरोबर मुकाट चालत होती. मला वाटलं, पाय दुखत असतील. वय कोणाला चुकलंय!

पुलाच्या मध्यावर ती कठड्याला टेकून उभी राहिली.

"ती विचारत होती, दिवस कधी भरतायत म्हणून."

"कोण?"

"अगं, तीच. तू झुंबरांचं सांगत होतीस तेव्हा."

"आणि तू अनोळखी बाईला चिऊचं सांगत बसलीस?"

"मी कुठे सांगितलं?" ती माझ्याकडे वळली. "तेच तर म्हणतेय मी. मी काहीच सांगितलं नव्हतं."

खालून पाणी वाहत होतं. पुलावरून लोक घरी चालले होते, कोणाच्या हातात भाजी, कोणाच्या हातात पोरगं. मी भिंगरीच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

"खोली तयार ठेवलीय म्हणाली," ती पुढे म्हणाली. "त्या दाराच्या पलीकडे बाळंतिणीची खोली आहे ना? राण्यांची?"

ती खोली आहे. पण ती कुठल्या फलकावर नाही, माझ्या बोलण्यात नाही, आणि आम्हा कामगारांखेरीज फारसं कोणाला माहीत नाही. मग मी स्वतःशीच उत्तरं शोधायला लागले. कुठल्यातरी जुन्या पुस्तकात वाचलं असेल. माझी खोडी काढत असेल. शाळेत हिने मला गच्चीवरच्या टाकीत माणूस आहे असं सांगून महिनाभर घाबरवलं होतं. शिवाय हिला रक्तदाबाची नवी गोळी सुरू झालीय, चष्म्याचा नंबरही बदललाय. कारणं शोधायला बसलं की मिळतातच.

"भिंगरे, पुरे," मी म्हणाले. "चिऊवरून थट्टा नको."

"थट्टा?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. तिला कौतुक वाटत होतं.

४

पुढच्या दिवशी ती घरी पडून राहिली आणि मी कामावर गेले. ठरवलं होतं की मनात काही आणायचं नाही. पण मनावर कुणाची सत्ता चालते? पहिल्याच घोळक्याबरोबर माझं बोलणं तोंडाने चाललं आणि डोळे लोकांचे डोळे तपासायला लागले.

सज्ज्यापर्यंत सगळे माझ्याकडे बघत होते. आरसेमहालात शिरलो आणि एकेक करून नजरा सरकल्या. सगळ्यांच्या नाहीत. एका म्हाताऱ्या गृहस्थांची, एका पोटुशा बाईची, तिच्या सासूची. डाव्या खांद्यावरून मागे, माणसाच्या उंचीवर. पोटुशी बाई कसनुसं हसली आणि तिने ओढणी पोटावर ओढून घेतली.

मला आठवायला लागलं. हे मी रोज बघत आलेय. इतकी वर्षं. या दालनात नजरा सरकतात, आणि मी समजत आले की लोक आरसे बघतायत.

आरसे चारी भिंतींना आहेत. म्हणजे घोळक्याच्या मागच्या आरशात मी दिसायला हवी, आणि माझ्या पाठीमागचंही. तिथे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. चेहऱ्यांवर लक्ष ठेवायचं, ही माझी फुशारकी. मी वाक्य न तोडता नजर वर उचलली. आरसा जुना, पारा ठिकठिकाणी उडालेला. लोकांच्या डोक्यांच्या वर मला माझं तोंड दिसलं, हलणारं. त्याच्या बाजूला, खांद्यामागे, एक गडद उभं काहीतरी होतं. ते दार असू शकत होतं. आरसेमहालातून बोळाकडे उघडणारं दार काळ्या लाकडाचंच आहे.

मी गर्रकन वळले. दार होतं. उघडं होतं, आणि भिंतीला टेकलेलं होतं. आरशात ते माझ्या खांद्यामागे दिसायचं काही कारण नव्हतं.

"पुढे काय झालं हो?" कोणीतरी विचारलं. मी कुठल्या राजाचं सांगत होते तेच विसरले होते. जन्मात पहिल्यांदा.

शेवटी बाहेर पडताना म्हातारे गृहस्थ माझ्यापाशी थांबले, टोपी काढली आणि म्हणाले, "फार छान दाखवलंत. दोघींचेही आभार."

मी तोंड उघडेपर्यंत ते पायऱ्या उतरून गर्दीत मिसळले होते. मी त्यांच्यामागे धावले नाही. खरं सांगते, धाडस झालं नाही.

५

त्यानंतरचा दिवस राजवाड्याच्या सुट्टीचा. सुट्टीच्या दिवशी आम्हाला आपापली माणसं आणून निवांत दाखवायची मुभा आहे. भिंगरी सकाळपासून तयार होऊन बसली होती. तिची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती आणि बॅग तशीच उघडी पडली होती.

"आज ती खोली दाखव," ती म्हणाली.

न्यायचं नाही, असं मी म्हणू शकले असते. पण माझा स्वभाव आडवा आला. मला तिचं म्हणणं खोटं पाडायचं होतं, आणि तिच्यापेक्षा जास्त स्वतःची भीती. दार उघडायचं, धूळ आणि कुजकी फळी दाखवायची, विषय संपला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? कार्यालयातून किल्ली घेतली. पहारेकऱ्याने विचारलं, तेव्हा "मैत्रीण आहे, भिंती बघायच्यात तिला," असं सांगितलं. तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता हसला.

रिकाम्या राजवाड्यात आवाज वेगळे असतात. लाकूड ऊन लागलं की कुरकुरतं, वरच्या मजल्यावर पारवे फडफडतात. ते सगळे आवाज माझ्या ओळखीचे आहेत. त्या दिवशी मी मुद्दाम सरळ चालले. भिंगरीचा हात हातात धरून, लहानपणी शाळेत जायचो तसा. समोर बघत राहिले आणि समोर काहीही नव्हतं. आरसेमहालात आरसे होते, झुंबरं होती, खिडकीतून आलेलं ऊन होतं.

"बघ," मी म्हणाले. "आहे का कोणी?"

भिंगरीने माझा हात सोडला. "चल लवकर, ती पुढे गेली."

बोळात धूळ होती. तिथे केर काढायला कोणी जात नाही. धुळीवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं, हे मी नीट वाकून पाहिलं आणि मला हायसं वाटलं. किल्ली कुलपात घातली. ती फिरेना. जोर लावला, तेल लावायला हवं होतं असं पुटपुटले, आणि दाराला हात लागला तसं दार आत गेलं. कुलूप कडीला नुसतं अडकवलेलं होतं.

आत आणखी एक बोळ, तोही धुळीचा. त्याच्या टोकाला खोली.

खोली स्वच्छ होती. फरशी नुकती पुसलेली असावी, कडेला अजून ओली होती. कुजलेलं काही नव्हतं. पलंगावर ताणून घातलेली चादर, पायथ्याशी एक बुटकं स्टूल, कोपऱ्यात पाण्याचं घंगाळ. खिडकीशी पांढऱ्या कापडाचे लहान लहान चौकोनी तुकडे घडी करून एकावर एक रचून ठेवले होते. तान्ह्या बाळाला लागतात ते. मी वरच्या तुकड्याला बोट लावलं. तो उबदार होता, वाळत घातलेला नुकताच काढून आणावा इतका. खिडकीच्या झडपा बाहेरून खिळे ठोकून बंद केलेल्या होत्या.

मी म्हटलं, सफाईवाल्या बायका इथे आराम करत असतील. मोठ्याने म्हटलं. पण माझ्याच आवाजाचा मला भरवसा वाटला नाही.

६

भिंगरी बुटक्या स्टुलावर बसली होती. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर, तळवे वर. एका जागी कधी न टिकणारी माझी मैत्रीण अजिबात हलत नव्हती.

"ऊठ, निघू या."

"थांब ना जरा. ती पाणी आणायला गेलीय."

"इथे कोणी नाहीये, भिंगरे."

"चिऊला इथेच आणलं तर?" ती शांतपणे म्हणाली. "त्या दोन्ही वेळी आपण दवाखान्यांवर विसंबलो. काय मिळालं? ही म्हणते, माझ्या हातून एकही जाणार नाही."

मी तिचं मनगट धरून ओढलं. ती माझ्याहून बारीक आहे, पण जागची हलली नाही. मी विनवण्या केल्या, शिव्या दिल्या. चिऊ वाट बघतेय म्हणाले, भावोजी स्टेशनवर येतील म्हणाले. ती माझ्याकडे दयेने बघत राहिली.

"ती एकटी आहे गं," ती म्हणाली. "लोक येतात, तिच्याकडे बघतात आणि पुढे जातात. कोणी चल म्हणत नाही."

बाहेरच्या बोळात पाणी हिंदकळल्याचा आवाज झाला. भरलेलं भांडं जपून उचलून आणताना होतो तसा. जवळ येत होता. पावलं मात्र ऐकू येत नव्हती. माझी पाठ दाराकडे होती. वळायचं होतं आणि मान वळत नव्हती. डोकं रिकामं झालं की माणूस सवयीचं करतो. देवभोळा माणूस देवाचं नाव घेतो. माझ्या तोंडून माझं ते रोजचं वाक्य निघालं, रोजच्याच सुरात, हात वर करून.

"चला, सगळ्यांनी या, मागे कोणी राहू नका."

पाण्याचा आवाज थांबला.

भिंगरी उठली. अगदी सहज, घोळक्यातली कोणीही उठावी तशी. मी उलटी चालत दाराबाहेर पडले, कारण मला दुसरं चालणं त्या क्षणी येत नव्हतं. पाठीला काही लागलं नाही. बोळात कोणीही नव्हतं. मी मागे मागे सरकत होते, समोर भिंगरी येत होती, आणि भिंगरीच्या पाठोपाठ त्या रिकाम्या खोलीच्या दारातून आणखी एक जण बाहेर आलं.

मी जे पाहिलं ते इतकंच. डोकं खाली घातलेलं. दोन्ही हात छातीशी वाकवून धरलेले, बाळाला धरतात तसे. हातांत काही नव्हतं. मग मी डोळे मिटले आणि मिटलेल्या डोळ्यांनीच पुढच्या पायऱ्यांपर्यंत आले. टाचांना सगळं पाठ होतं म्हणून निभावलं.

७

बाहेर लख्ख ऊन होतं. पहारेकरी वर्तमानपत्राची घडी घालत होता. पायऱ्यांवर भिंगरी आणि मी, दोघीच. मी चारी बाजूंना पाहिलं, दाराच्या आतही पाहिलं.

"बरं केलंस," भिंगरी बाह्या खाली करत म्हणाली. "मला वाटलं होतं, तू नाही म्हणशील."

"कशाला?"

भूक लागलीय म्हणाली. खाणावळीत ती भरपेट जेवली, भाव-बिव केला, वाढप्याशी भांडली. माझी जुनी भिंगरी परत आली होती. मला रडूच फुटलं. मग मी मनाची समजूत घातली, आणि त्यात माझा हात कोणी धरणार नाही. बंद खोलीतली कोंदट हवा, दोन बायकांची हळवी मनं, एकीचं वेड दुसरीला लागलं, बस्स. चिऊच्या काळजीने आम्ही दोघी पोखरून निघालो होतो, हे तर खरंच होतं.

सकाळी तिला गाडीत बसवून दिलं. खिडकीपाशी उभी राहून मी सूचना देत होते, पाणी पी, गोळी घे, पोहोचलीस की फोन कर. तिने शेजारच्या जागेवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. डब्यात लोक जागा शोधत फिरत होते. ते त्या जागेपाशी यायचे, "माफ करा" म्हणायचे आणि पुढे जायचे. मला फलाटावरून ती जागा रिकामी दिसत होती.

गाडी सुटली. मी हात हलवला. ओरडले असते, साखळी ओढायला लावली असती, तर वेड्यात निघाले असते. वेड्यात निघण्याची मला लाज वाटली. त्या लाजेची किंमत काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

८

चिऊचा फोन काही दिवसांनी आला. सकाळी मी वेणी घालत होते.

"मावशी! मुलगी झाली! जरा लवकरच आली, पण चांगली आहे. कालच घरी आणलं."

मी मटकन खाली बसले. आनंदाने काय बोलले ते आठवत नाही. दोघी रडलो. मग ती म्हणाली, "आणि मावशी, त्या बाईंना आईबरोबर पाठवलंत, फार बरं झालं. मी काय करणार होते एकटी!"

"कोणत्या बाई?"

"असं काय करता? राजवाड्यातल्या. बोलत नाहीत हो फारशा, पण बाळ त्यांच्याकडेच राहतं. त्यांच्याकडे गेलं की रडतच नाही. मला फक्त पाजायला देतात."

"चिऊ," मी म्हणाले, "आईला फोन दे."

बराच वेळ नुसती खसफस ऐकू आली. मग भिंगरीचा आवाज, तोंडावर हात धरून बोलल्यासारखा. "मास्तरीण, मला घेऊ देत नाही ती. माझ्या नातीला मी अजून हातात घेतलेलं नाही. मी जवळ गेले की नुसती बघते. आणि बाळ रडत नाही गं. भूक लागली तरी रडत नाही. ह्यांना काही वाटतच नाही, म्हणतात किती मदत होते. मी जा म्हटलं, शंभरदा म्हटलं. माझं ऐकत नाही. तू बोलावलंस म्हणून आली ना ती? मग तुझंच ऐकेल."

"तिच्या कानाला लाव फोन," मी म्हणाले.

पावलं ऐकू आली, दाराची कडी, चिऊचं कुठेतरी हसणं. मग सगळं शांत. फोनच्या पलीकडे श्वास नव्हता, काहीच नव्हतं. मला माझ्या मैत्रिणीची लेक वाचवायची होती, तिची लेक वाचवायची होती, त्यापुढे माझं काय व्हायचं ते होवो, असं मी तेव्हा मनापासून म्हटलं होतं.

"इकडे ये," मी म्हणाले. "त्यांना सोड. माझ्या घरी ये. मी एकटी आहे, माझ्याकडे राहा."

फोन बंद झाला.

त्या दिवशी मी कामावर गेले नाही. खिडक्या लावल्या, मग वाटलं काय उपयोग, आणि उघडल्या. दार मात्र मीच उघडं ठेवलं. कबूल केलं होतं ना. दुपार झाली. जिन्यावर ऊन आलं. शेजारच्या बाई कपडे वाळत घालून खाली गेल्या. इतक्यात फोन वाजायला लागला. चिऊचं नाव. थांबला, पुन्हा वाजला. मग भावोजींचं नाव, मग पुन्हा चिऊचं. मी फोनकडे बघत राहिले. उचलला असता तर ते काय सांगणार, हे मला कळलं होतं, कारण जिन्यावर कोणीतरी चढत होतं. पावलं वाजत नव्हती. मधल्या वळणावर, हलकेच, एक तान्हं बाळ रडायला लागलं होतं.

एकटी ये, एवढंच म्हणायचं होतं मला.